पोराचा देश भरती झाला

वडूजकडच्या आमच्या गावात घरटी एक तरी फौजी. सासरे, दीर, मालक, सगळे वर्दीतले. मालक सीमेवर असताना मी जे दिवस काढले, ते उद्याच्या सुनेला काढायला लागू नयेत म्हणून पोराला हट्टानं फिनलंडला शिकायला धाडलं. देश लहान, थंड आणि कुणाच्याच गटात नाही, एवढी चौकशी मी करून घेतली होती. तिथंच त्याला नोकरी लागली, मग तो तिथला नागरिकही झाला. मालक धुसफुसत राहिले. मी मात्र निर्धास्त झाले.

पुढं रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घातलं. फिनलंडची लांबच लांब हद्द रशियाला लागून. त्या धास्तीनं फिनलंडनं अलिप्तपणा सोडला आणि तो पश्चिमेच्या लष्करी गटात सामील झाला. शेजारच्या भावजींनी कुंपणावरूनच बातमी दिली, "वैनी, तुमच्या पोराचा देशच भरती झाला की."

मला हसू आलं नाही. घरभर नुसती फिरत राहिले. वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आणले.

"आवं, गटात गेलं म्हंजे काय हुतं?" मी मालकांना विचारलं.

"एकावर हात टाकला की समदे उठनार. भावकीवानी."

"आपली भावकी बांधावर भांडायलाच उठती."

संध्याकाळी पोराला फोन लावला. तो शांत होता, त्याचाच मला राग आला.

"आई, हितं पयल्यापासनंच प्रत्येक पोराला लष्करी शिक्षण घ्यावं लागतंय. मी आता नागरिक हाय, वयात बसतोय. मलाबी बोलावणं आलंय."

देश कुणाशी लढतो का, एवढंच मी विचारलं होतं. पोरांच्या हातात बंदूक देतो का, हे विचारायचं फौजीच्या बायकोला सुचलं नाही.

स्पीकरवरचा फोन मालकांनी माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता यांची छाती फुगणार. ते हळूच म्हणाले, "ते नागरिकत्व परत देता येतंय का बघ."

"आण्णा, तुमी माघारी फिरला असता का?"

मी खुणा करत होते, रागवा त्याला, ये म्हणा. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"मोजं कोरडं ठेव. बर्फात आदी पाय जातो."

गावातली भरती झालेली पोरं निघताना पाया पडायला येतात, तेव्हा मालक त्यांना हेच सांगतात. मी फोन परत मागितला नाही. पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसले.