माँट्रियलच्या जिन्यावरची खडी

निघताना तोआ पायोहच्या आमच्या शेजारीणबाई, मिसेस टॅन, लिफ्टमध्येच म्हणाल्या, "आँटी, सो कोल्ड, कॅन वॉक मेह?" एवढ्या थंडीत चालता तरी येईल का, असं. मी म्हटलं, "कॅन, कॅन!" सिंगापूरच्या उकाड्यात बसून उणे पंचवीस म्हणजे नुसता आकडा वाटतो हो.

माँट्रियलला माझी लेक मुग्धा राहते. तिचं पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. जिना इमारतीच्या बाहेर, उघडा, लोखंडी. त्या भागातली जुनी घरं अशीच. जिना बघितला आणि म्हटलं, डिंकाचे लाडू नंतर. आधी पोरीला इथून सुखरूप खाली न्यायचं.

रस्त्यांची मात्र बडदास्त होती. सकाळी खिडकीतून बघावं तर नगरपालिकेचा ट्रक मागच्या फिरत्या थाळीतून मीठ उधळत चाललेला. फुटपाथसाठी वेगळं छोटं यंत्र. जावई सलील म्हणाला, "आई, मिठाने बर्फ वितळतो. पण थंडी फारच वाढली की मिठाचं काही चालत नाही. मग रेती नाहीतर बारीक खडी. तिने बर्फ वितळत नाही, नुसती पायाला पकड मिळते." मी मान हलवली. समजलं सगळं, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर जिनाभर करडी कचकच. दाराशी एवढा कचरा! मुग्धा झोपलेली, सलील गाडीवरचा बर्फ खरवडायला गेलेला. कठडा धरून खाली उतरले आणि पायरी न् पायरी कडेने झाडत वर आले. जिना कसा लख्ख!

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची लुईझ बाहेर आली. माझ्याच वयाची बाई. जिना बघून ओरडलीच, "मादाम, हे काय केलंत? काल तुमच्या जावयाने टाकलेली खडी होती ती!"

पायऱ्या आरशासारख्या चकाकत होत्या. आणि आतून मुग्धाची हाक, "आई, पाणी गेलं गं. निघायला हवं."

काय सांगू! स्वयंपाकघरातली मिठाची पिशवी आणून पहिल्या पायरीवर रिकामी केली. दाणे जिथल्या तिथे, ताटात वाढल्यासारखे.

"आज मीठ नाही चालायचं!" लुईझ खालून हातवारे करत होती. "दारामागे खडीची बादली असेल, बघा!"

होती. मग लाज सोडून वरच्या पायरीवर फतकल मारली आणि बसल्या बसल्या मुठीने खडी टाकत, पायरी पायरी खाली सरकले. खालून लुईझ आपली बादली घेऊन चढत होती. मधल्या पायरीवर आम्ही दोघी समोरासमोर आलो.

"तुमच्या देशात जिना असाच झाडतात?"

"झाडतात. पण तिथे घसरत नाही ना कोणी!"

ती खो खो हसली. मला हसू येईना. वर लेक दाराला टेकून उभी होती.

सलील धावत आला. मुग्धाचा एक हात कठड्यावर, एक त्याच्या खांद्यावर. मी तिच्या पुढे, एकेक पायरी आधी माझ्या पायाने दाबून बघत. खडी करकर वाजत होती. शेवटची पायरी उतरली तेव्हा कुठे मी श्वास सोडला. कळा येत असतानाही लेक म्हणते कशी, "आई, पुढच्या वेळी भांडी घास. जिना सोड." दुपारी नात झाली. छान, गुटगुटीत.

दोन महिन्यांनी सिंगापूरला परतले. जन्मभर मी पायाखालची माती-रेती काढून टाकण्यातच धन्यता मानली. कुणाच्या तरी पायासाठी ती मुद्दाम पसरलेली असते, हे साठी उलटल्यावर कळलं, आणि कळलं ते बरंच झालं. आता तिकडची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. रोज व्हिडिओ कॉल लागला की मी आधी विचारते, "जिन्यावर खडी टाकली का?"

"टाकली गं," मुग्धा म्हणते. "आता नातीकडे बघ."

मग मी नातीकडे बघते.