सप्तपदीतलं पाचवं पाऊल

माझ्या भाचीला जन्मापासून ऐकू येत नाही. आजवर प्रत्येक पूजेत कोणीतरी तिला मागून बोटानं टोचायचं: बस, ऊठ, फूल वाहा. लग्न ठरलं तेव्हा तिनं मला खुणांनी बजावलं, "मामा, जे मला कळणार नाही, ते मी कबूल करणार नाही." नवरा मुलगाही तिच्यासारखाच, ऐकू न येणारा. त्यानं जोरात मान डोलावली.

म्हणून लग्नाच्या आठ दिवस आधी खुणांच्या भाषेतल्या दुभाषी बाईंना घेऊन मी बुधवार पेठेत गुरुजींच्या दारात उभा राहिलो.

"सप्तपदीचा अर्थ हवाय," बाई म्हणाल्या.

"अर्थ?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "अहो, मला लोक एकच विचारतात, किती वेळ लागेल."

पण पोथी काढली बरं का! ओळीखाली बोट ठेवून सांगू लागले. दोनदा ते बोटच थबकलं, अर्थ त्यांनाही शोधावा लागला. चहा मात्र दोनदा झाला, आणि पुण्यात याला फार मोठा मान समजावा.

कार्यालय मार्केट यार्डाजवळचं. एरवी तिथं सात पावलं दीड मिनिटात उरकतात, कारण मसालेभाताचा वास सुटलेला असतो. पहिल्याच पावलाला घोटाळा. भाची तांदळाच्या राशीकडे बघे तोवर बाईंच्या हातांच्या खुणा निसटत, आणि हातांकडे बघितलं की पाऊल फरशीवर.

"थांबा!" गुरुजी म्हणाले. "आधी बघायचं, मग पाऊल."

वर होमाचा धूर! मी पुठ्ठा घेऊन वारा घालायला बसलो. कॉलेजच्या नाटकात राजामागे चवरी ढाळायचो, तेव्हाही मला संवाद नव्हते.

"पंगत खोळंबलीय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"भात पळून जात नाही," गुरुजी मान न वळवता म्हणाले.

अन्न, बळ, धन, सुख. चार पावलं झाली. पाचव्याला बाईंनी अर्थ सांगितला, पुष्कळ मुलगे होवोत. भाचीचं पाऊल अधांतरीच राहिलं. हात झरझर फिरले.

"विचारतेय, मुलगेच का?" बाई म्हणाल्या.

"जुना मंत्र आहे," गुरुजी म्हणाले.

"म्हणतेय, मंत्र जुना असेल, चालतेय मी आत्ता."

गुरुजींनी पोथी डोळ्यांशी नेली. "मूळ शब्दाचा अर्थ लेकरं असाही होतो," ते सावकाश म्हणाले. "तो घ्या. पुष्कळचं तुमचं तुम्ही ठरवा."

भाची नवऱ्याकडे वळली आणि दोघांचे हात खुणा करत एकदम सुटले. बाईंनी आपले हात खाली घेतले.

"काय म्हणतायत हो?" पहिल्या रांगेतून मुलाची आत्या.

"खासगी आहे. सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

चारशे ऐकू येणारी माणसं माना उंचावून बघत होती आणि त्या वेगात एकालाही, अगदी मलासुद्धा, अक्षर कळत नव्हतं. मी पुठ्ठा थांबवला. असं दृश्य फुकट बघायला मिळत नाही.

मग नवरा मुलगा लाजला, भाची हसली, आणि तिनं उजवं पाऊल राशीवर ठेवलं.