न धरलेला उपास

लिहून लिहून माणूस थकतो, हे सत्तरच्या दशकात आमच्या कामरगावात कोणाला सांगायची सोय नव्हती. शेतात राबणारा थकतो, दिवसभर उभं राहून कापड फाडणारा दुकानदार थकतो. बसल्या जागी लिहिणाऱ्या पोरीला थकायला काय झालं?

मी थकले होते. शेलूबाजारच्या आठवडी बाजारावरचा माझा प्रबंध नागपूरच्या मार्गदर्शकांनी तिसऱ्यांदा परत केला होता. वर चिठ्ठी टाचलेली: दिवाळीपर्यंत पुन्हा लिहून द्या, नाहीतर नोंदणी रद्द होईल. ते बाड घेऊन मी भाद्रपदात नागपूरहून घरी आले. कागद पुढ्यात घेतला की हात आखडायचा आणि ताट पुढ्यात आलं की घास उतरायचा नाही. तीन दिवस नुसत्या पाण्यावर गेले.

नेमके ते आमच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस. जैनांच्या घरात या दिवसांत कोणी जेवत नसेल तर त्याचा एकच अर्थ होतो: उपास धरलाय. माझ्या मोठ्या काकूनं तोच काढला आणि चौथ्या दिवशी मंदिरातून येताना दहाबारा बायांना घेऊनच ती आमच्या ओसरीवर आली. हातात श्रीफळ.

"काहून लपवते व बाई? दाही दिवस धरले का?"

माझ्या आईच्या वयाच्या बाया माझ्या पाया पडू लागल्या. एकीनं पंखा घेतला. दुसरी म्हणाली, "चक्कर तं नाई येत? झोप लागते ना?"

माझं डोकंच फिरलं. वर्षभर मी झुरत होते, दर सुट्टीत घरीही येत होते, तेव्हा हे एकीनंही विचारलं नव्हतं. उपाशी पोरगी तपस्वी आणि थकलेली पोरगी आळशी, हा कुठला न्याय?

दारात बाबा उभे होते, अंगावर मूठभर मांस चढलेलं. मी फक्त गप्प बसायचा अवकाश होता. पारण्याला गाव लोटलं असतं आणि प्रबंधाचं नावही कोणी काढलं नसतं. मोह झाला, नाही कशाला म्हणू?

"म्या उपास धरला नाई," मी म्हणाले. "मी थकली. मले लिवणं होत नाई आन् जेवणं बी होत नाई."

"चूप राह्य," बाबा म्हणाले. "सारे ऐकून राह्यले."

ऐकू देत! मी आत गेले, भाकर आणि वरण घेऊन आले आणि सगळ्यांसमोर बसून जेवले. इतके दिवस न उतरणारा घास त्या दिवशी रागानं उतरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी भाकर संपवली. बाया एकेक करून निघून गेल्या.

हात धुऊन मी मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. दिवाळीपर्यंत होणार नाही, तब्येत सुधारली की लिहीन, नोंदणी रद्द करायची तर करावी. कित्येक दिवसांत हात न आखडता लिहिलेल्या त्या पहिल्या तीन ओळी.

"लोकाइले काय सांगू आता?" बाबांनी विचारलं.

"पोरगी थकली म्हणून सांगा."

"हे काय सांगाची गोष्ट हाय?"

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या कापडाच्या दुकानात त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्याच गिऱ्हाइकानं उपासाचं विचारलं. बाबा तोंड फिरवून कापडाचे तागे लावू लागले.

"उपास नव्हता, काका," मी म्हणाले. "थकली होती मी."

संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला सांगून झालं होतं, आणि दर खेपेला माझा आवाज चढतच गेला.