निळ्यात शिरलेला हिरवा

लिहायला बसलोय खरा, पण संकोच वाटतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझा सगळा उद्योग डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंचा. त्यात सांगण्याजोगं थोडं आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं घर कासार आंबोलीला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पुण्यातल्या प्रयोगशाळेत मला एक काम मिळालं. वीज दिली की स्वतःच उजळणाऱ्या टीव्हीच्या पातळ पडद्यांसाठी निळा प्रकाश देणारा रेणू बनवायचा होता. लाल आणि हिरवा त्या मानाने सोपे. निळा मात्र शुद्ध राहत नाही, त्यात हिरवट छटा शिरते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, निळा जमला तर पुढे संशोधनाला ठेवून घेईन, नाहीतर परीक्षा देऊन घरी जायचं.

तीन महिन्यांनी माझं द्रावण अतिनील दिव्याखाली असं निळं चमकलं की मी मॅडमना अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी शांतपणे माझ्या धुतलेल्या भांड्यांतला एक रिकामा फ्लास्क घेतला, त्यात नुसतं द्रावक ओतलं आणि दिव्याखाली धरला. तोही तसाच निळा.

"भांडी कशाने धुतोस?"

मी कपड्यांची पावडर वापरत होतो. घरी आई ताटंसुद्धा त्याच पावडरीने घासायची, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं. कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत घातलेलं द्रव्य निळं चमकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन. तुझा रेणू किराणा दुकानात मिळतो."

त्यानंतर आठवडाभर मुलं मला धोबीबुवा म्हणायची. मीही हसायचो, दुसरं काय करणार.

स्वच्छ भांड्यातही माझा रेणू द्रावणात निळाच निघाला. पण काचेवर थर दिला की हिरवट व्हायचा. चपटे रेणू एकमेकांवर पसरून बसतात म्हणून रंग बिघडतो, त्यांना बाजूला अणूंच्या जाड फांद्या जोड, असं मॅडम सांगत होत्या. मी मान हलवत होतो, पण नीट कळलं नव्हतं.

मॅडमनी दिवाळीपर्यंत मुदत दिली, आणि परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी भातलावणीला गेलो. मी रोपं भराभर खोचत होतो. आई मागून म्हणाली, "आरं, येवढी दाट लावू नगं. अंगाला अंग लागलं की पिवळी पडत्यात. शिकून हेच आलं व्हय?"

फांद्यांचा रेणू मला शेतात सुचला असं म्हटलं तर खोटं होईल. मॅडमनी तो आधीच सांगितला होता. फक्त कळला तिथे, गुडघाभर चिखलात.

दोन्ही बाजूंना फांद्या असलेला नवा रेणू करायला पावसाळा आणि दिवाळी गेली. या वेळी थराच्या प्रकाशाचा आलेख उंच, अरुंद आला, म्हणजे रंग शुद्ध निळा. पण विजेवर तो कसा उजळेल, हे दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत ठरणार होतं. चिमूटभर पूड पाठवली आणि घरी येऊन वाट पाहत राहिलो. पाच आठवडे काही नाही. मी नोकरीचे अर्जही लिहायला घेतले.

एका सकाळी शेजारच्या काकी बांधावरून हाका मारत आल्या. गल्लीत फोन त्यांच्याकडेच होता.

"तुज्या मॅडमचा फोन आलता. म्हनल्या, निळाच लागला, हिरवा न्हाई. आन् म्हनल्या, सोमवारी सामान घिऊनच ये."