काकांचा पाय आणि माझा लाडू
माझं काम समजावून सांगायला अवघड आहे. म्हणून मी ते सोपं करून सांगते. तिथेच चुकलं.

दिवाळीत आम्ही गुढियारीला काकांकडे जमलो होतो. काका रेल्वेतून निवृत्त, मधुमेहाचे जुने रोगी. म्हणाले, "त्या मोठ्या चुंबकापाशी तू दिवसभर काय करून राहिली, बाई?"

मी बेसनाचा लाडू उचलला. "हा समजा जंतू. याची साल फार पातळ. बेडकाच्या कातडीत सापडणारा प्रथिनाचा बारीक तुकडा सालीत घुसतो, ती सैल होते आणि जंतू फुटतो. साल किती सैल झाली, ते चुंबकाच्या यंत्रात दिसतं." लाडू मी मुठीत फोडला. सगळे हसले. यंत्रात ठेवतो त्या आमच्या नळीत जंतू नसतोच, नुसती चरबीपासून बनवलेली नकली साल असते, हे सांगायचं मी टाळलं. सांगितलं असतं तर मजा गेली असती.

होळीच्या आधी काकूंचा फोन आला. "यायच्या पायाचं बोट काळं पडलं. डॉक्टर कापा म्हणतात, हे ऐकत नाहीत."

मी गेले. पुवाच्या तपासणीत बहुतेक औषधं निकामी ठरली होती. काका मात्र निवांत. "कापायचं काहून? तुह्या मशीनची दवाई आण ना थोडी."

मी हसले. मग काकूंचा चेहरा पाहिला. जखम ते कधीपासून मोज्यात लपवत होते, माझ्या भरवशावर.

"काका, ते औषध नाही. खऱ्या जंतूवर आम्ही अजून लावूनही पाहिलं नाही."

"पण तू तर फोडून दाखवला होता."

नळीत नुसती नकली साल असते, हे मी तेव्हा सांगितलं. त्याच संध्याकाळी ते बोट कापायला तयार झाले, पण तोवर विष वर चढलं होतं. बोटावर भागलं नाही. पाय गुडघ्याखालून गेला.

त्याच आठवड्यात यंत्रावर माझा आजवरचा सर्वांत स्पष्ट आलेख आला. साल खरंच सैल पडत होती. मी आनंदाने ओरडले, आणि ओरडल्यावर काका आठवले. आधी नाही.

परवा नकली पाय बसवून त्यांना घरी आणलं. शेजारचे दादा दारात भेटले. माझा हात धरून काका अभिमानाने म्हणाले, "आमची पोट्टी जंतूची दवाई बनवून राहिली."

"नाही दादा," मी म्हटलं, "मी फक्त पाहते. औषध होईल की नाही, माहीत नाही."

काकांनी माझा हात सोडला आणि भिंतीला धरून आत गेले.