सवाष्णीचं ताट आणि बसचं लायसन्स

पाचव्या खुर्चीसमोर काकूंनी आयपॅड ठेवला. तांब्याला टेकवून, उभा. त्याच्यापुढे चांदीचं ताट. मीठ, लिंबाची फोड, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, कटाची आमटी, सगळं जागच्या जागी. आणि मला सांगितलं, "अगं, गरम पोळी आण. पहिली तिला वाढ."

तिला म्हणजे आयपॅडला.

मी पुरणपोळी वाढली. वरून तूप सोडलं. काचेतली बाई हसत म्हणाली, "अय्या, किती छान! माझं तर बघूनच पोट भरलं." टेबलावरच्या चौघी हसल्या. मी पोळीचा डबा हातात घेऊन उभी होते. माझ्या गळ्यात काळे मणी होते. माझा नवरा शॉमबर्गच्या अपार्टमेंटमध्ये जिवंत होता. आणि जेवायला सवाष्ण कमी पडली म्हणून त्या खुर्चीसमोर एक काच बसवली होती.

श्रावणातला शुक्रवार होता. घर नेपरव्हिलचं, एका काका-काकूंचं. काका रिटायर्ड इंजिनियर, अमेरिकेत फार आधी आलेले, इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. काकू दर श्रावणात पाच सवाष्णी जेवू घालतात. मी त्यांची पोळीवाली. आठवड्याच्या पोळ्या करून द्यायच्या आणि सणावाराला त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाकाला हात लावायचा.

आधी मी त्याच घरात पाहुणी म्हणून जायचे. तेव्हा नवऱ्याला नोकरी होती, टीम लीड होता. आम्ही नागपूरचे. आडनावावरून कोणाला काही कळायचं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मग नवऱ्याला स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं एक-दोन शब्दांवर आलं, पाठोपाठ नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमा गेला. काकू सूप घेऊन भेटायला आल्या. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर निळ्या कोटातला तो फोटो आहे. तो आम्ही कधी लपवला नव्हता, पण काकू त्याआधी कधी घरीच आल्या नव्हत्या. त्या फोटोकडे बघून त्यांनी सूपचं भांडं टेबलावर ठेवलं. बसल्या नाहीत. भांडं परतही मागितलं नाही.

त्यानंतर मला आमंत्रण आलं नाही. ऑर्डर आली. "तुझ्या हातच्या पोळ्या फार मऊ होतात गं," असा फोन आला. मला कामाची गरज होती, मी हो म्हटलं. माझ्या हातची पोळी त्यांच्या घशाखाली उतरत होती, मी त्यांच्या खुर्चीवर बसणं उतरत नव्हतं. पोळीचंही तसं साफ नव्हतंच. त्या शुक्रवारी नैवेद्याच्या पोळ्या काकूंनी मी यायच्या आधी, डोक्यावरून न्हाऊन, स्वतः करून बाजूला झाकून ठेवल्या होत्या.

मी त्या दिवशी पर्समध्ये एक पुस्तक नेलं होतं. कमर्शिअल लायसन्सच्या, म्हणजे सीडीएलच्या, लेखी परीक्षेचं. मला स्कूल बस चालवायची होती. आमच्या भागात बसला ड्रायव्हर मिळत नाहीत, जागोजागी बोर्ड लागलेत. लेखी परीक्षा पास व्हा, परमिट आणा, गाडी आम्ही शिकवू, असं त्यांचं म्हणणं. आणि कामाबरोबर विमा. मला विमा हवा होता. विम्याशिवाय नवऱ्याची थेरपी बंद पडली होती आणि त्याच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटत चालली होती. बोटं रोज जास्त आत जात होती. डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात तर ती उघडणार नाही. पुस्तक मला त्या मुठीसाठी पाठ करायचं होतं.

पाठ होत नव्हतं. मी मराठी शाळेत शिकले, इंग्रजी वाचते, पण हे इंग्रजी वेगळंच. एअर ब्रेक, स्प्रिंग ब्रेक, हवेचा दाब. बसभोवती पोरं कुठे उभी राहिली तर आरशात दिसत नाहीत. रुळाच्या अलीकडे थांबायचं, दार उघडायचं, खिडकी उघडायची, कान द्यायचा, मग पुढे जायचं. मी पोळ्या लाटता लाटता वाचायचे. पिठाचे हात पानाला लागून पानं कडक झाली होती. संध्याकाळी पुस्तक नवऱ्याच्या मांडीवर ठेवायचे. तो डाव्या हातानं पान उलटायचा. मी उत्तर बरोबर दिलं की खुर्चीच्या दांड्यावर टकटक करायचा. बहुतेक वेळा टकटक व्हायची नाही.

तर त्या शुक्रवारी. पाचपैकी एका बाईची सकाळी कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताटं पाच, बायका चार. काकूंचा जीव वरखाली. आता ऐन वेळी कोण मिळणार?

त्या चौघींत एक पुण्याची नवी मुलगी होती, आयटीतली. तिला काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "अहो काकू, या आहेत ना! यांनाच बसवू या की. सॉर्टेड."

एकीनं पाण्याचा ग्लास उचलला. मी चिमट्यानं पोळी उलटली.

काकू म्हणाल्या, "तिला कामं आहेत गं."

"दहा मिनिटांचं तर काम आहे, आपलं आपण वाढून घेऊ ना."

"तुला नंतर सांगते," काकू म्हणाल्या.

बाहेरून काका ओरडले, "अगं, त्या कोविडवालीला व्हिडिओ कॉल करा! टेक्नॉलॉजी कशाला आहे?" आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

काकूंनी काचेला कुंकू लावलं. बाईच्या कपाळावर नेम धरून. तेवढ्यात बाईनं मान हलवली आणि कुंकू तिच्या नाकावर राहिलं. पुन्हा हसणं. मग आयपॅडची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. त्या पुण्याच्या मुलीनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून जेवायला लागली. तिला काही सांगायची गरज पडली नाही, कळलं असावं.

मला ते ताट हवं होतं असं नाही. आमच्या घरात सवाष्ण हा शब्द माझ्या आईनं येऊ दिला नाही. आई म्हणायची, नवरा जिवंत असणं ही काय बाईची कमाई आहे का? मीही ते मानत नाही. पण न मानणं वेगळं आणि माझ्या जागी एक काच चालते हे डोळ्यांनी बघणं वेगळं. माझे कान तापले. तव्यावरची पोळी फाटली, पुरण जळलं. मला लाज वाटली. लाज त्यांना वाटायला हवी होती, वाटली मला. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

जेवणं झाली. काका पाणी प्यायला किचनमध्ये आले. ओट्यावरचं पुस्तक उचललं.

"हे काय? ट्रक चालवणार?"

"स्कूल बस, काका."

ते पुस्तक घेऊन बाहेर गेले. "अहो ऐका, आमच्या मॅडम सीडीएल देतायत!" मला हाक मारली. मी पदराला हात पुसत दारात उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, पान उघडलं. "सांग बघू. गाडी चालू आहे, हवेचा दाब कमी होत गेला, तर स्प्रिंग ब्रेकचं काय होतं?"

ते पान मी वाचलं होतं. कितीदा तरी. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आयपॅडमधली बाईसुद्धा. तिच्या नाकावर अजून कुंकू होतं.

"सुटतात," मी म्हटलं.

"सुटतात? अगं, मग पोरं गेली की सगळी!"

हशा पिकला. काकांनी बरोबर उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, ब्रेक आपोआप लागतात, शाळेतल्या मास्तरसारखं बोट वर करून. मग पुस्तक मिटून प्रेमानं म्हणाले, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. हे काम आपल्या लोकांचं नाही. आणि तू बसवर गेलीस तर आम्हाला पोळ्या कोण देणार?"

आपल्या लोकांचं. जेवायला बसवताना मी आपली नव्हते. बस चालवते म्हटल्यावर लगेच आपली झाले.

मी पुस्तक घेतलं. आत जाऊन भांडी लावायला लागले. काकू मागून आल्या, हातात ते पाचवं ताट. पोळीवरचं तूप थिजलं होतं. "अगं, हे वाया जाईल. कोणी हात लावलेला नाही. तू जेवून घे, नाहीतर डब्यात घालून ने. दोघांना होईल."

मी आत्तापर्यंत त्या घरातून उरलेलं नेत होते. हात लागलेलं नेत होते, न लागलेलं नेत होते. त्या दिवशी नाही.

मी म्हटलं, "काकू, हे ताट जिला वाढलंत तिला द्या."

"वेड लागलंय का? ती स्क्रीनवर आहे."

"मग स्क्रीनला द्या. मघाशी बसली होती ना तीच."

"एवढं तोंड वर करून बोलायला काय झालं तुला?"

"काही नाही झालं. तुम्हाला बसायला माणूस नको होतं. मला हे ताट नको."

मी हात धुतले. लाटणं माझं होतं, ते पुसून पर्समध्ये टाकलं. पुस्तक टाकलं. समोरच्या दारानं बाहेर पडले. एरवी मी गॅरेजमधून जायचे. मागून आयपॅडमधल्या बाईचा आवाज आला, "काय झालं? मला ऐकू नाही आलं."

इथे गोष्ट संपवली असती तर बरं वाटलं असतं. ऐकणाऱ्याला तरी. पण रविवारपर्यंत ऑर्डरी बंद झाल्या. एकजण म्हणाली, आम्ही आता फ्रोझन वापरतो. एकजण म्हणाली, ग्लूटेन सोडलंय. एकीनं उत्तरच दिलं नाही. मंडळाच्या ग्रुपमध्ये कोणीतरी लिहिलं की हल्ली तिच्या पोळ्या चिवट होतात आणि वागणंही. त्या पुण्याच्या मुलीचा मेसेज आला, सॉरी म्हणून. तिनंही पोळ्या मागवल्या नाहीत.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. मग म्हणाला, "आता... पोळ्या?"

"बंद."

तो रडला. स्ट्रोकनंतर त्याला पटकन रडू येतं, डॉक्टर म्हणतात ते आजारामुळे. मला नाही वाटत ते फक्त आजारामुळे. बरं केलंस असं तो म्हणेल, अशी मी वाट बघत होते. तो म्हणाला नाही. मीही त्याच्या जागी असते तर म्हणाले नसते. त्याची मूठ मांडीवर तशीच मिटलेली पडली होती.

पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. कॉम्प्युटरवर. सुरुवात बरी झाली. बसमध्ये पोरांना चढवणं-उतरवणं मला येत होतं. मग एअर ब्रेक आले आणि त्यात तोच प्रश्न आला. हवेचा दाब कमी होत गेला तर. उत्तर मला माहीत होतं. काकांनीच तर वाचून दाखवलं होतं. पण प्रश्न वाचला आणि कानात हसणं सुरू झालं. टेबलावरच्या चौघींचं, काकांचं, काचेतल्या बाईचं. बोट भलत्याच उत्तरावर पडलं. मग त्याच्या पुढचं चुकलं, मग त्याच्या पुढचं. शेवटी स्क्रीन स्वतःच थांबली. नापास.

काउंटरवरची बाई म्हणाली, "ट्राय अगेन, हनी. लॉट्स ऑफ पीपल डू." तिनं ते दिवसभरात किती जणांना म्हटलं असेल कोणास ठाऊक. तरी त्या महिन्यात माझ्याशी कोणी बरं बोललं असेल तर तीच.

गाडीत बसून मी रडले. हात स्टिअरिंगवर होते आणि मला वाटलं, काका बरोबर म्हणाले. आपल्याच्यानं होत नाही. परत फोन करावा. काकू, चुकले म्हणावं. त्यांना मऊ पोळ्या हव्याच आहेत, त्या माफ करतील. फोन हातात घेतलाही होता. नंबर काढला. आणि मग डोळ्यांसमोर ते कुंकू आलं, नाकावरचं. मी फोन बाजूच्या सीटवर टाकला.

घरी येताना दोन पदरी रस्त्यावर समोरून पिवळी बस येऊन थांबली. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. बसच्या बाजूनं लाल पाटी बाहेर आली, दिवे लागले. मी थांबले. माझ्यामागे रांग लागली. बसच्या मागे मोठी काळी गाडी होती, तीही थांबली. बसच्या स्टिअरिंगवर एक पिकल्या केसांची बाई, च्युइंगम चघळत. एक मुलगी उतरली, बसच्या पुढून सावकाश रस्ता ओलांडून गेली. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला मधेच वाकली. कोणी हॉर्न वाजवला नाही. बाई चघळत राहिली. पाटी आत गेल्यावर सगळे निघाले.

पाटी बाहेर असली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं, तसा कायदाच आहे. हे पान मला पाठ आहे. त्यावर मी कधी चुकले नाही.

मला आशा नाही. नवऱ्याची मूठ उघडेल असं आता मला वाटत नाही, उशीर झालाय. त्या हवेच्या ब्रेकवर मी पुन्हा नापास होऊ शकते. पुन्हा झाले तर पुन्हा बसेन, नियम बसू देतील तितक्यांदा. तोवर एका गोदामात खोकी भरायचं काम धरलंय. तिथे माझं आडनाव कोणाला उच्चारता येत नाही आणि माझ्या हातचं कोणी खात नाही. संध्याकाळी पुस्तक नवऱ्याच्या मांडीवर असतं. परवा त्याच प्रश्नावर त्यानं टकटक केली.

लाटणं मी ड्रॉवरमध्ये ठेवलंय. घरच्या पोळ्यांना काढते. त्यांच्यासाठी नाही.

काकूंच्या गल्लीत मुलं आहेत. सकाळी बस येते तिथे, मी पाहिली आहे. एक दिवस ती मी चालवीन, आणि नाहीच जमलं तर मरेपर्यंत तयारी करीन. त्यांच्या दारासमोर उभी करीन. लाल पाटी बाहेर काढीन. काकांची गाडी गॅरेजमधून निघालेली असेल, त्यांना घाई असेल. मला खुर्ची द्यायची की नाही हे त्यांच्या हातात होतं. थांबायचं की नाही हे त्यांच्या हातात नसेल.