भर उन्हात निवडलेला फ्रीज

"घाई न्हाई, ताई. बराबर टायमाला नेतो."

हे म्हणताना आमच्या ड्रायव्हरचा उजवा हात गाडीच्या बॉनेटवर असायचा, तोही उलटा. लेकराला ताप आलाय का, हे बघायला आई जशी हाताची मागची बाजू कपाळाला लावते, तसा. गाडी रात्रभर उभी असायची, त्यामुळे बॉनेट तापलेलं असण्याचं काही कारण नव्हतं. तरी तो रोज सकाळी आधी तिथे हात टेकवायचा आणि मगच दार उघडायचा. त्याचे बाप-आजे मेंढरं राखणारे. मेंढराचा कान धरून ताप ओळखायची त्या घरातली सवय याने गाडीला लावली होती.

आम्ही अंबडच्या कोर्टात आणि तहसीलमध्ये नोकरी करणारे सहा जण रोज सकाळी जालन्यात स्टेशनजवळ जमायचो आणि त्याच्या पांढऱ्या सात सीटच्या गाडीने अंबडला जायचो. मी कोर्टात कारकून. दिवसभर साक्षीदारांचं खरं-खोटं ऐकायचं, आणि स्वभाव आधीच तापट. मला घाई नव्हती असा एक दिवस आठवत नाही. आणि नशिबी ड्रायव्हर आला तो असा. मागून ट्रक हॉर्न वाजवायला लागला की हा गाडी बाजूला घ्यायचा, हात बाहेर काढून त्याला वाट द्यायचा आणि आम्हाला सांगायचा, "जाऊ द्या. आपल्याला घाई न्हाई."

"तुम्हाला नसेल! कोर्टात माझी हजेरी लागते," मी म्हणायची.

एकदा फारच वैतागून विचारलं, "भाऊ, तुम्ही ड्रायव्हर कशाला झालात हो?"

"मेंढरामागं चालून चालून पाय दुखायचे, ताई."

"मग आता गाडी कशाच्या मागे चालवताय?"

सगळी गाडी हसली आणि तोही हसला. गाडीचा वेग मात्र होता तोच राहिला. खरं सांगायचं तर आम्हाला कधी उशीर झाला नाही. पण मला माझा वैताग सोडवत नव्हता. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या शांतपणाचाच आपल्याला जास्त राग येतो.

दिवाळीनंतर मला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि पुढे केमोथेरपीसाठी दर तीन आठवड्यांनी संभाजीनगरला जायचं ठरलं. नवरा एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये. पाळी बदलून मिळाली तर तो सोबत यायचा, नाही तर मी एकटी. त्या दिवसांपुरती अंबडची फेरी आपल्या चुलतभावाच्या गाडीवर सोपवून हा मला न्यायचा. मी त्याला यायला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही मला विचारलं नव्हतं; तारीख गाडीतल्यांकडून कळली असावी. पहिल्या डोसाच्या दिवशी पहाटे गाडी दारात उभी होती आणि त्याचा हात बॉनेटवर होता, एवढंच.

पहिल्या डोसानंतर तोंड आलं. साधं तोंड येणं नव्हे ते. जिभेपासून घशापर्यंत सगळं सोलून निघालं. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने सांगितलं, की औषध चढत असताना तोंडात बर्फ धरून ठेवा, बऱ्याच जणींना त्रास कमी होतो. डॉक्टरही म्हणाले, करून बघा. पण बर्फ घरचाच आणि उकळलेल्या पाण्याचा, कारखान्याचा चालणार नाही. आता घरच्या ट्रेमधले ते चिमुकले तुकडे. डब्यात घातले तर बदनापूर यायच्या आत त्यांचं पाणी झालेलं असायचं.

हे त्याने गाडी चालवता चालवता ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला पुढच्या दोन सीटांच्या मधे एक निळी पेटी दिसली. तिची वायर लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेली होती आणि आत एक पंखा घूं घूं करत होता.

"हे काय?"

"गाडीतला कूलर हाये. लग्नाची भाडी मारायला घेतला. आजकाल लोकाला गार पाणी लागतंय."

मी साक्षीदार ओळखते. खोटं बोलणारा आधी कारण सांगतो आणि मग नजर चुकवतो. याने दोन्ही केलं. पण थंडीचे दिवस होते आणि त्या पेटीत माझा बर्फ हॉस्पिटलपर्यंत बऱ्यापैकी टिकला. तोंड आलं ते कमी आलं. मला दूधभात गिळता आला आणि पुढचा डोसही वेळेवर झाला. मीही लग्नाच्या भाड्यांची चौकशी केली नाही.

मग मार्च संपत आला. आपल्याकडे मार्चअखेरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात त्याने पेटीचं झाकण उघडलं आणि तसाच बसून राहिला. डब्यात नुसतं पाणी होतं, तेही धड गार नाही. पंखा मात्र इमानदारीत घूं घूं करत होता.

त्या डोसाने माझी दशा केली. कितीतरी दिवस पाण्याचा घोटसुद्धा काचा गिळल्यासारखा जायचा. वजन उतरलं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि डोस पुढे ढकलला. असंच राहिलं तर औषध कमी करावं लागेल, मग उपचाराचा हवा तसा उपयोग होणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. परतीच्या वाटेवर मी तोंडावर ओढणी धरून, जमेल तसं बोलले.

"भाऊ, बस्स झालं. आता मी नाही येणार."

वाटलं, आता हा म्हणेल, घाई न्हाई. पण तो स्वतःशीच बोलावं तसा बोलला, "फसलो मी. ह्याला थंडीत घेतलं."

"म्हणजे?"

"मेंढरू कोणी पावसाळ्याच्या शेवटाला घेत न्हाई, ताई. तवा चारा लई असतो, सगळीच गुबगुबीत दिसत्यात. माझा बाप भर उन्हाळ्यात बाजाराला जायचा. जे उन्हात उभं राहतं ते घ्यायचा. मला हे ठाव असून मी दुकानात थंडीत गेल्तो. त्या पेटीचं काय हाये, ती बाहेरच्या हवेपरीस थोडं खाली आणती, बस्स. बाहेर फुफाटा आसंल तर ती बिचारी काय करंल?"

मग म्हणाला, "मला एक आठवडा द्या."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझ्याकडे मुदत मागितली होती. मी कोर्टातली बाई, दिली.

तो आठवडा तो नवीन जालन्यात गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानांतून हिंडत होता. बरोबरचे लोक मला फोनवर सांगायचे, की गाडीत दुसरा विषयच नाही. कॉम्प्रेसर असलेला फ्रीज घ्यावा, तो घरच्यासारखा खरा बर्फ धरतो. पण मग इंजिन बंद असताना गाडीची बॅटरी उतरते. मग दुसरी बॅटरी बसवावी. पण मग जागा कुठे? तहसीलमधले एक साहेब म्हणे उतरता उतरता वैतागून बोलले, "अरे बाबा, पोरगी बघायला तरी इतकी घरं हिंडला होतास का?"

शेवटी एका दुपारी तो मला न्यायला आला. "तुमच्यासमोर घेतो," म्हणाला. मी तोंडाला मास्क लावून, डोक्याला रुमाल बांधून दुकानात पंख्याखाली बसले आणि त्याची खरेदी पाहिली. हे पाहायला तुम्ही हवे होतात. त्याने फ्रीज दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं. झाकणाच्या रबरावरून चौफेर अंगठा फिरवला. आत डोकं घालून वास घेतला. चालू करायला लावून बाजूला कान लावला.

"आता दात तेवढे बघायचे राहिले," मी म्हणाले. बोलताना जीभ ठणकली, पण राहवलं नाही.

दुकानदार म्हणाला, "काका, कंपनीची गॅरंटी आहे."

"गॅरंटी तुमच्या दुकानात गार हाये. मला गाडीत पाहिजे. समोर उन्हात गाडी लावतो, काचा बंद करून. त्याच्यात ह्यो तुमच्या बॅटरीवर ठेवतो आन् आत एक पाण्याचा गिलास. गोठला तर घेतो, न्हाई तर राम राम."

"अहो, त्याला दोन-तीन तास लागतील!"

"घाई न्हाई."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. इतकी वर्षं मी जे सोसत आले होते ते आज दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं पाहून मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

गाडी रस्त्यावर भाजत राहिली. तो बाहेर दुकानाच्या पायरीवर, अर्धा उन्हात बसून राहिला. मेंढरं रवंथ करत बसली की राखणदार बसतो तसा, एक गुडघा वर घेऊन. दुकानदाराने दोनदा चहा पाजला. शेवटी तो उठला, गाडीचं दार उघडलं, आतून स्टीलचा ग्लास काढला आणि दुकानाच्या मधोमध येऊन उलटा केला. थेंब पडला नाही. त्याने तो ग्लास आधी आपल्या गालाला लावला आणि मग माझ्या हातात दिला.

"आता येता ना, ताई?"

मला हो म्हणायलाही तोंड उघडवत नव्हतं. मी मान हलवली. नको असताना रडू आलं ते आलंच.

फ्रीजला आणि त्याच्या बॅटरीला जागा करायला त्याने मागची अख्खी सीट काढून टाकली. म्हणजे अंबडच्या फेरीतल्या दोन सवाऱ्या रोजच्या गेल्या. मी जाब विचारला तर म्हणे, लग्नाची भाडी जोरात हायेत.

"लग्नात बर्फ कुणाला लागतो?"

"नवरदेवाला," तो म्हणाला. "लई घाबरलेला असतो."

उरलेले सगळे डोस मी घेतले. एप्रिल-मेचं ऊन, बाहेर डांबर वितळतंय, आणि हा हॉस्पिटलच्या आवारातल्या गाडीतून जिने चढून वर यायचा, छोट्या डब्यात चार-सहा तुकडे घेऊन. दारात उभा राहून म्हणायचा, "बर्फ घ्या." सिस्टर लोकांनी त्याचं नावच बर्फवाले काका ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तो डबा पुढे करायचा. तोंड पुन्हा कधी तसं आलं नाही. वजन टिकलं. जूनमध्ये शेवटचा डोस संपला त्या दिवशी वाटेत त्याने एक ट्रक ओव्हरटेक केला. मी चकित होऊन पाहिलं तर म्हणाला, "आज हाये जराशी."

केस आले, मी कोर्टात परत रुजू झाले आणि त्याच्या गाडीत बसून त्याच्यावर पुन्हा वैतागायला लागले. सगळं जागेवर आलं असं वाटत होतं. मग त्याच्या थोरल्या भावाला लकवा झाला. घरची मेंढरं त्या भावाकडे होती. भावाची पोरं मिलमध्ये कामाला, मेंढरांमागे जायला कुणी तयार नाही. विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. याने मेंढरं ठेवली आणि गाडी विकली.

जायच्या आदल्या दिवशी तो फ्रीज घेऊन माझ्या दारात आला.

"हा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मेंढरामागं हिंडून राह्यलो तर पिन कुठं लावू?"

"विका ना. चांगले पैसे येतील."

"इकायला मन झालं न्हाई, ताई." मग थोडं थांबून, "दुसऱ्या कुणाला लागला तं द्या. पण उन्हात ठिवून बघू द्या म्हणावं आधी."

पाय दुखतात ना, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. त्याने फ्रीजच्या झाकणावर उलटा हात टेकवला आणि गेला.

आता तो फ्रीज दुसऱ्या बायकांबरोबर संभाजीनगरला जातो. सिस्टरच माझा नंबर देते. परत आला की मी तो पुसते, उकळलेलं पाणी निववून ट्रेमध्ये भरते. गेल्या महिन्यात माझी तपासणी झाली. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, आता वर्षाने या. नवऱ्याला फोन केला, आणि दुसरा फोन त्याला केला. लागला नाही. त्याचा फोन चार्जिंगअभावी बहुधा बंदच असतो. पण त्याच्या आठवडाभर आधी बोलणं झालं तेव्हा, अंबडच्या पुढे एका शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवली आहेत, असं म्हणाला होता, आणि रिपोर्ट घेऊन भेटायला येते, असं मीही सांगून ठेवलं होतं. रात्री मेंढरं बसली की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून बसवतात. त्या रविवारी मी गाडी केली, बर्फ भरलेला फ्रीज मागे ठेवला आणि निघाले. ड्रायव्हर पोरगेला होता, भन्नाट हाकत होता. मला ते जरा खटकलंच.

वावर सापडलं. पण ते मोकळं होतं. सगळीकडे लेंड्या पसरलेल्या, बोरीच्या काट्याला लोकरीचा एक पुंजका अडकलेला आणि कडेला चुलीचे तीन दगड. शेतकऱ्याची बायको बांधावरून आली.

"जालन्याच्या ताई का? काल सकाळीच हालले वो ते. पाण्याकडं गेले, गोदावरीच्या अंगाला." मग हसून म्हणाली, "तुमच्यासाठी निरोप हाये. ताई येतील, त्यांना सांगा म्हणले, घाई न्हाई. पुढच्या खेपेला भेटू."

तिच्या लेकरांना मी डबाभर बर्फ दिला. मग दगडांपाशी उभी राहून एक तुकडा तोंडात टाकला. आजवर बर्फ म्हणजे मला आधी चटका, मग बधिरपणा, मग थोडा आराम. आज तोंडात कुठे जखम नव्हती. बर्फ नुसता गार लागला.

तो पूर्ण विरघळेपर्यंत मी त्या वावरात उभी राहिले. पोरगेल्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. वाजवू दिला. मला घाई नव्हती.